शालिग्रामआबांनी मेमरीला लावलेला कस

जळगावच्या सराफ बाजारात सुकदेवशेठ यांच्या पेढीला लागून एक जिना होता. त्या जिन्याखालच्या जागेत शालिग्राम दुसाने बसत. जागा इतकी बुटकी होती की उभं राहायचं तर आधी बाहेर यावं लागे. समोर एक पाट, पाटावर काळा कसोटीचा दगड, तेजाबाची काचेच्या बुचाची बाटली आणि टोकाला वेगवेगळ्या कसाचं सोनं लावलेल्या काही सुया, एवढंच त्यांचं दुकान. तरुणपणी त्यांनी दागिने घडवायचं काम केलं होतं. फुंकणी फुंकून छाती भरून यायला लागली तेव्हा वडिलांनी त्यांना दगडावर कस लावायला बसवलं, आणि मग तेच काम राहिलं.

शनिपेठेत त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. मी नगरपालिकेच्या शाळेत कारकून होतो. शाळा सोडल्याचे दाखले सोडले तर मी फारसं काही लिहिलेलं नाही. आबांबद्दल त्यांच्या समाजातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाने लिहिलं असतं तर ते नीट झालं असतं. कोणी लिहिलं नाही, म्हणून मला जमेल तसं लिहितो.

खेड्यापाड्यांतली माणसं सोन्याचे डाग मोडायला बाजारात आली की सराफ त्यांना आधी जिन्याखाली पाठवत. आबा डाग हातात घेत, दगडावर ओढत, उमटलेल्या रेघेवर काडीने तेजाब लावत आणि थोडा वेळ बघत बसत. मग म्हणत, "चांगलं आहे." किंवा म्हणत, "नाही." यापलीकडे ते गिऱ्हाइकाशी बोलत नसत. किती कसाचं आहे ते सराफाला हळूच सांगत. डाग कोणाचा, कुठून घेतला, हे विचारत नसत. कोणी फसवलेला माणूस चिडून म्हणाला, "आबा, अमक्या दुकानातून घेतलंय, सांगा ना त्याला," तर ते म्हणत, "मला सोन्याचं कळतं. दुकानाचं तू बघ." खोट्या मालाच्या दुकानाचं नाव त्यांनी कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. म्हणूनच त्यांच्या शब्दावर बाजारात कोणी वाद घालत नसे. दोन सराफांचं भांडण असलं तरी जिन्याखालून 'नाही' आलं की ते तिथेच मिटे.

हाताला मात्र त्यांच्या एक खोड होती. पिवळं काही दिसलं की हात ते दगडाकडे नेई. माझ्या पेनाची निब त्यांनी एकदा बोलता बोलता दगडावर ओढली आणि मग "पितळ" म्हणून परत दिली. मी काही विचारलं नव्हतं. लग्नातल्या जेवणावळीत पोलिसाच्या कोटाचं बटण ते निरखून बघताना मी पाहिलं आहे. तिथे दगड नव्हता म्हणून बटण वाचलं.

त्यांना एकच मुलगा, पितांबर. त्याने पिढीजात काम धरलं नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तो ठिबक सिंचनाच्या कंपनीत लागला आणि काही वर्षांनी ती नोकरी सोडून स्वतःचं काम करू लागला. शेत मोजायचं, विहीर कुठे, उतार कुठे ते बघायचं आणि नळ्या कशा टाकायच्या त्याचा नकाशा काढून द्यायचा. नळ्या विकणारे दुकानदार त्याला कामं देत. हे नकाशे तो आधी कागदावर काढी. सत्त्याण्णव साली त्याने मुंबईहून एक वापरलेला लॅपटॉप आणला. आमच्या गल्लीत तो बघायला दोन दिवस माणसं येत होती. जाड पाटीएवढं यंत्र, मांडीवर उघडायचं. आबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "बरं शे." दुसाने मूळचे धुळ्याकडचे, घरात त्यांची अहिराणी चाले. बापलेकांत भांडण नव्हतं, पण कामाचं बोलणंही नव्हतं. जेवताना नळाला पाणी आलं की नाही एवढं बोलून दोघं उठत.

त्या उन्हाळ्यात पितांबरला एक मोठं काम मिळालं. पाचोऱ्याजवळच्या एका गावातले शेतकरी एका मोठ्या विहिरीवर मिळून ठिबक बसवणार होते. सगळ्यांच्या शेतांचा मिळून एकच नकाशा हवा होता. एवढा नकाशा उघडला की लॅपटॉप थबकून राही. पितांबर चहा पिऊन आला तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच. दुकानदाराने सांगितलं होतं, अमावास्येपर्यंत नकाशा दे, नाहीतर नाशिकचा माणूस तयार आहे. यंत्राची मेमरी वाढवली तर काम होईल असं पितांबरला कळलं. आधी आठ एमबी होती, आणखी सोळा घालायची. जळगावात टेबलावरच्या कॉम्प्युटरची मेमरी मिळे, लॅपटॉपची कोणाकडे नव्हती. धुळ्याला आग्रा रोडवर मोतीलाल चौधरी नावाचे गृहस्थ कॉम्प्युटरचं दुकान चालवत. त्यांनी ती मुंबईहून मागवून दिली.

रविवारी सकाळी पितांबरने पुढच्या खोलीत, दारातल्या उजेडात, चादर अंथरून काम मांडलं. मी पेपर मागायला गेलो होतो, तो तिथेच बसलो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने बोटभर लांबीची हिरवी पट्टी काढली. तिच्यावर काळे चौकोन होते आणि एका कडेला बारीक पिवळ्या दातांची रांग. आबा आतून आले.

"हाई काय शे?"

"मेमरी शे आबा."

"आनि हाई पिवळं?"

"सोनं शे," पितांबर म्हणाला आणि लॅपटॉप उलटा करून मागचा स्क्रू काढायला लागला.

आबा संध्याकाळी दगड फडक्यात बांधून घरी आणत, त्यामुळे रविवारी तो कोनाड्यात असे. पितांबरने मान वर केली तेव्हा पट्टीचा कोपऱ्यातला दात दगडावर ओढून झाला होता.

"आबा! काय करी ऱ्हायनात तुम्ही!"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रेघेवर तेजाब लावलं. रेघ आधी पिवळी होती. ती हिरवट झाली आणि मग दिसेनाशी झाली.

"नही," आबा म्हणाले. "वरनं पानी शे. खाले तांबं."

"अहो, ते तसंच ऱ्हास. वर पातळ थर देतस."

"इकनारानी तुले काय सांगं?"

"सोन्याचे कॉन्टॅक्ट शेत म्हने."

"मंग?"

पितांबर हसला आणि पट्टी फुंकून यंत्रात बसवायला घेतली. आतून भागाबाई, म्हणजे आबांच्या घरच्या, म्हणाल्या, "तुम्हले बठ्ठं जग पिवळंच दिखस. पोऱ्याले काम करू द्या."

झाकण लावून पितांबरने यंत्र चालू केलं. काळ्या पडद्यावर आकडे पळायला लागले आणि आठ हजारांच्या, म्हणजे जुन्या आठ एमबीच्या, आसपास येऊन थांबले. आधीही तिथेच थांबत होते. त्याने पट्टी काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं. पितांबरने एकदा दगडाकडे पाहिलं. मला वाटतं, तो शिकलेला होता, पण त्या घरात वाढलेला होता. त्या दगडावरचं 'नाही' खोटं ठरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तो कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेला. परत आला तेव्हा तोंड लाल झालेलं. मोतीलाल म्हणाले होते, पट्टी नीट बसली नसेल, यंत्र घेऊन या, मी बघतो. पितांबर म्हणाला, माल खोटा आहे. कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं. पितांबरने सांगितलं, माझे वडील, सराफ बाजारात कस लावतात.

"मंग काय म्हने तो?" आबांनी विचारलं.

"हसना," पितांबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजारात चहा आला तेव्हा सुकदेवशेठनी सहज विचारलं, "काय आबा, पितांबरचं मशीन पळायला लागलं का?"

आबांनी कप खाली ठेवला. "धुळ्याचा मोतीलाल मुलाम्याचा माल देतो. सोनं सांगून तांबं," ते म्हणाले.

हे त्यांनी मला त्याच संध्याकाळी ओट्यावर सांगितलं. नाव घेतलं हेही सांगितलं. "एवढ्या वर्षांत पहिलं नाव घेतलं, नाना," असं म्हणून ते घरात गेले.

त्यांच्या बोलण्याचं पुढे काय झालं ते आम्हांला दोन-तीन दिवसांनी कळलं. सुकदेवशेठ पेढीवर बिलं करायला कॉम्प्युटर घेणार होते आणि तो मोतीलालकडूनच यायचा होता. त्यांनी त्याच दुपारी धुळ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्यांचं ऐकून एका डाळमिलवाल्यानेही आपली मागणी रद्द केली. माल काय, मुलामा कसला, कोणी विचारलं नाही. शालिग्रामआबा बोलले एवढं पुरे होतं.

मग मोतीलालचा पेढीवर फोन आला. त्यांनी आबांना बोलावून घेतलं. आबा फोनवर बोलायला घाबरत, तरी गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "धुळ्याला या म्हणतो. सगळ्यांदेखत चालवून बघा म्हणतो. खोटा निघाला तर दुकानाची पाटी स्वतःच्या हाताने उतरवा म्हणतो."

"मग?" मी विचारलं.

"बोलावल्यावर जायला नको?"

माझी बहीण धुळ्याला दिलेली होती. तेवढं निमित्त करून मीही त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. पितांबरने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "काय रे, बाळ झोपलं का? अर्धं तिकीट लागेल." पितांबर हसला. आबांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. एरंडोल गेलं, पारोळा आलं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं,

"पितांबर, तो खरा निंघना तं?"

"तं चांगलंच ना आबा. मन्हं काम हुई जाई."

"तुन्हं हुई जाई," आबा म्हणाले.

मोतीलाल चाळिशीचे, अंगाने आडवे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. भिंतीवर अजून जुन्या रेडिओच्या दोन पेट्या होत्या. त्यांनी आम्हांला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. चहा सांगत होते, आबांनी हात हलवून नको म्हटलं. दुकानात दोन-तीन ओळखीची माणसं मोतीलालनी बोलावून बसवलेली दिसत होती. पितांबरने पट्टी काढून दिली. मोतीलालनी ती उजेडात धरली.

"हे कोणी घासलं?"

"मी," आबा म्हणाले.

"का?"

"सोनं म्हणून दिलं होतं ना तुम्ही?"

मोतीलाल इतका वेळ शहरी बोलत होते, ते आता घरच्या भाषेवर आले. "आबा, मी तुम्हना पोऱ्याले मेमरी इकी. सोनं नही इकं. भाव मेमरीना लिधा. सोनं लेवानं व्हतं तं तुम्हना बाजारमाच मिळतं ना!"

बसलेली माणसं हसली. पितांबरने मान खाली घातली.

मोतीलालनी टेबलाच्या खणातून शाळेतलं खोडरबर काढलं आणि पट्टीचे पिवळे दात खसाखसा घासायला लागले. आबा खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो, निघेल ते!"

"तुमच्या दगडातून वाचलं, माझ्या रबराने काय जाणार?" मोतीलाल म्हणाले. "बोटांचं तेल बसतं त्यावर. ते काढतोय."

मग त्यांनी यंत्र उलटं करून मागचं झाकण काढलं. पितांबरला जवळ बोलावून म्हणाले, "तू कशी घातलीस ते दाखव." पितांबरने पट्टी आडवी धरून खाचेत सरकवली आणि दाबली. पिवळ्या दातांची एक बारीक कड बाहेर दिसत राहिली.

"एवढीच?"

"आणखी जोर दिला तर मोडेल असं वाटलं," पितांबर म्हणाला.

मोतीलालनी पट्टी काढली. तिरकी धरून खाचेत रेटली, दात पार दिसेनासे होईपर्यंत. मग वरून दोन बोटांनी खाली दाबली. दोन्ही बाजूंचे चिमटे टक करून बसले. झाकण न लावताच त्यांनी यंत्र अलगद सरळ करून चालू केलं. आकडे पळायला लागले. आठ हजारांवर आले आणि थांबले नाहीत. पुढे जात राहिले. पितांबर पडद्यावर इतका वाकला होता की आम्हांला काही दिसेना. "चोवीस!" तो म्हणाला. त्याने लगेच पाचोऱ्याकडचा मोठा नकाशा उघडला. विहीर, शेतांच्या कडा, नळ्यांच्या रेघा, सगळं पडद्यावर आलं. तो ते इकडे तिकडे सरकवत राहिला. त्याच्या ध्यानात वडील नव्हते, मोतीलालही नव्हते.

आबा मोतीलालकडे बघत होते. "हे सगळे असेच असतात का? वरून पाणी दिलेले?"

मोतीलालनी एका डब्यातून एक निकामी पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "मोठ्या परदेशी कंपनीची आहे. जळलेली आहे, लावा कस."

आबांनी पिशवीतून दगड काढला, टेबलावर ठेवला, रेघ ओढली. बाटली आणली नव्हती, पण पट्टीचा दात चार-पाच वेळा ओढल्यावर दगडावर पिवळ्याच्या जागी तांब्याचा लाल रंग यायला लागला. त्यांनी तो बोटाने पुसला नाही. बराच वेळ बघितला.

"सोनं गंजत नाही म्हणून वरून लावतात," मोतीलाल म्हणाले. "आत लागत नाही. सगळी सोन्याची केली तर घेणार कोण?"

"तुमचा माल खरा आहे," आबा म्हणाले.

"इथे म्हणून काय उपयोग? नाव माझं जळगावला गेलंय."

"जळगावला म्हणणारच आहे."

मोतीलालचा राग तोवर उतरला होता. मशीन चाललं, चार लोकांनी पाहिलं, त्यांना तेवढं पुरेसं होतं. ते म्हणाले, "राहू द्या आबा. मी सुकदेवशेठना फोन करतो. बसवण्यात चूक झाली होती, आता चालू आहे, एवढंच सांगतो. तुमचं नाव काढत नाही."

पितांबर म्हणाला, "हो आबा, तसंच करा. चूक मन्हीच व्हती. मी पुरी दाबी नही."

"तू दाबी नही ते तुन्हं," आबा म्हणाले. "मी बोलनू ते मन्हं."

मग त्यांनी चहा मागितला. मी बहिणीकडे जाऊन आलो आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतलो.

आबा आपला शब्द बाजारभर परत घेणार हे सुकदेवशेठना कळलं तेव्हा त्यांनी आबांना पेढीवर, आतल्या गादीवर बोलावलं. मला नंतर आबांनीच सांगितलं. शेठ म्हणाले, "आबा, मी मोतीलालला माल पाठव म्हणून सांगितलंय. विषय संपला. आता तुम्ही दुकानोदुकानी फिरू नका. आज एक शब्द परत घेतलात तर उद्या लोक मागचे सगळे शब्द परत घेऊन येतील. अमक्याला नाही म्हणालात, तमक्याला चांगलं म्हणालात, तिथेही चुकला असाल म्हणतील. तुम्ही माझ्या जिन्याखाली बसता. पेढीचंही बघा."

"सोन्यात मी चुकलो नाही शेठ," आबा म्हणाले.

"ते मला माहीत आहे. लोकांना कसं कळणार?"

पण आबांनी नाव घेतलं होतं, आणि ज्याचं घेतलं तो माणूस खरा होता. एवढंच ते मला दोनदा म्हणाले.

बाजारात पहिली विक्री होण्याआधी कोणी वाकडं बोललेलं सराफांना चालत नाही. आबा सगळ्यांची भवानी होईपर्यंत जिन्याखाली थांबले. मग एकेका दुकानाच्या पायरीशी उभे राहून सांगत गेले, "धुळ्याच्या मोतीलालचा माल खरा आहे. मी खोटा म्हणालो होतो, ते चुकलो." आत बसा म्हटलं तर बसले नाहीत. डाळमिलवाल्याकडे पेठेपलीकडे चालत जाऊन सांगून आले. काही दुकानदारांनी नुसती मान हलवली. एकाने विचारलं, "कोण मोतीलाल?" त्याला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागली. पॉलिश करणारा छगन तोंडाळ होता. तो म्हणाला, "आबा, दगड जुना झाला आता. त्याच्यातपण सोळा एमबी टाकून घ्या." सगळा बाजार हसला. आबाही थोडे हसले आणि पुढच्या पायरीकडे गेले.

मोतीलालना दोन्ही कामं परत मिळाली. पितांबरचा नकाशा वेळेत गेला आणि नाशिकचा माणूस आला नाही.

शेठ म्हणाले होते तसंच पुढे झालं. दहा-पंधरा दिवसांत लोक जुने डाग घेऊन यायला लागले. पुष्कळसे गंमत म्हणून येत. काहींना मात्र खरंच शंका असे. आबा पुन्हा कस लावत, आणि त्यासाठी काही घेत नसत. माझी निवृत्ती झाली होती, दुपारी मी त्यांच्याजवळ पायरीवर जाऊन बसे, त्यामुळे हे मी पाहिलेलं आहे. पुन्हा लावलेल्या कसात एकही रेघ बदलली नाही. तरी माणसं 'चांगलं' ऐकून पूर्वीसारखी लगेच उठत नसत. "नक्की ना आबा?" असं विचारत. हा प्रश्न त्यांना पूर्वी कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. ते "हो" म्हणत, पण दगड पुसताना त्यांचा हात रेंगाळे.

एक दिवस नशिराबादहून धुरपदाबाई नावाची बाई आली. साठीच्या आसपासची, शेतकरी घरातली. पदराच्या गाठीतून तिने चार-पाच मण्यांची पोत काढली.

"आबा, तुमी चुकता बी, असं आयकलं. मंग हे बी एकडाव पाहा."

ती पोत तिच्या लग्नात तिच्या भावाने घातली होती. काही वर्षांपूर्वी मोडायला आणली तेव्हा आबांनी 'नाही' म्हटलं होतं. त्या दिवसापासून ती भावाशी बोलत नव्हती. भाऊ म्हणत होता, मी चांगलीच घेतली होती. आबा चुकले ही गोष्ट नशिराबादपर्यंत गेली आणि ती गाडीत बसून आली.

आबांनी मणी दगडावर ओढला. मग थांबले. दगड नेहमी त्यांच्याकडे तोंड करून असे आणि त्यावर काय झालं ते समोरच्याला दिसत नसे. त्यांनी दगड फिरवून बाईच्या पुढे सरकवला. एका सुईने शेजारी दुसरी रेघ ओढली.

"ही खऱ्या सोन्याची. ही तुझ्या मण्याची. आता बघ."

त्यांनी दोन्हींवर तेजाब लावलं. बाई पाटावर वाकली. एक रेघ तशीच राहिली. दुसरी हिरवी होऊन विरघळून गेली.

"परत लावा," ती म्हणाली.

आबांनी दुसऱ्या मण्याची रेघ ओढली. तीही गेली. बाई रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"भावाला सोनाराने फसवलं असेल," मी न राहवून म्हणालो. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"असंन," धुरपदाबाई म्हणाली. तिने पोत गाठीत बांधली. "हे जे आता दाखवलं ना आबा, हे त्याला दाखवाल का? त्याला घिऊन येते. माझ्या सांगण्यावर तो नाही इस्वास ठेवणार."

"आण," आबा म्हणाले.

ती आली की नाही ते मला माहीत नाही. मी रोज जात नव्हतो. पण त्यानंतर जो कोणी डाग घेऊन येई त्याच्यापुढे आबा दगड फिरवून ठेवत, शेजारी सुईची रेघ ओढत आणि मग तेजाब लावत. 'चांगलं' आणि 'नाही' म्हणत, पण रेघ राहिल्यावर किंवा गेल्यावर. याला वेळ लागे. जिन्याखाली रांग होई, माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत, आणि सुकदेवशेठ पेढीवरून म्हणत, "आबा, शाळा काढली का?" एका पावसाळ्यात त्यांनी सांगून पाहिलं की पूर्वीसारखं करा, लोक खोळंबतात. आबा म्हणाले, "लवकर पाहिजे त्याला न दाखवता नुसतं सांगतो. विचारून बघा." शेठनी दोन गिऱ्हाइकांना विचारलं. दोघांनीही बघायचं म्हटलं.